पलंगाखालचं आकाश

आकाशावर कुणाचीच मालकी नसते. मामांच्या पलंगाखालचं तेवढं सोडून.

ते एका पिवळ्या पोलादी सिलिंडरात होतं. मामा पाणबुडे होते. निवृत्तीच्या दिवशी शेवटची बुडी रद्द झाली, तेव्हा पाठीवरचा भरलेला सिलिंडर त्यांनी तसाच घरी आणला. त्याला आता तीस वर्षं होत आली. आल्यागेल्याला ते सांगत, "यात आमच्या वेळची हवा आहे."

भाची प्रयोगशाळेत हवेतला हेलियम मोजायची. हेलियमचे अणू दोन जातींचे, जड आणि हलके. सात लाख जडांमागे हलका एखादाच. हे प्रमाण पूर्वी वेगळं होतं का, या एका प्रश्नापायी तिचा प्रबंध अडला होता. आजची हवा खिडकीबाहेर हवी तेवढी होती. जुनी कुणी जपली नव्हती, आणि काचेत जपावी तर हेलियम काचेतूनही पसार होतो. पोलादातून नाही.

"चिमूटभर द्या मामा."

"लग्नात सुद्धा एवढं मागितलं नव्हतंस."

"द्या हो," मटार सोलता सोलता मामी म्हणाली. "मला झाडू मारता येईल तिथे."

प्रयोगशाळेतलं यंत्र गुणगुणत राहिलं. चुंबकाजवळ अणूंची वाट वळे. जड आपल्या वाटेनं जात, हलका अलगद बाजूला होई. पाहता पाहता भाचीला वाटलं, खोलीत तीस वर्षांपूर्वीची दुपार उतरली आहे, मामांचे केस अजून काळे आहेत आणि समुद्र नुकताच कुणीतरी पुसून ठेवला आहे. मग आकडे आले. जुनी हवा आणि आजची हवा शेवटच्या अंकापर्यंत सारख्या. आकाश जागचं हललं नव्हतं. प्रबंध सुटला होता.

ती धावत घरी आली. ऐकून मामांचे डोळे भरले. "म्हणजे आमच्या वेळची हवा अजून तशीच आहे."

"असणारच," मामी म्हणाली. "सिलिंडर आतून गंजला तर फुटतो, असं तुम्हीच शिकवलंत ना? म्हणून नेमानं तपासणीला पाठवते मी. तुमची वामकुक्षी चाललेली असते."

"आणि आतली हवा?" मामांनी विचारलं.

"ती सोडल्याशिवाय आत बघणार कसं? पण बिचारे परत भरून देतात."

"मामी, शेवटची कधी भरली?" भाचीनं विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात."

भरून देणारं दुकान प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत आहे.