तोतारामची घागर

इंदिराबाईने ढेकूळ उचलून कुत्र्याच्या दिशेने भिरकावलं. कुत्रं पांढऱ्या फुफाट्यातून पळालं, तसे वर ओरडत घिरट्या घालणारे शेकाटे लांब लाल पाय लोंबकळवत एकेक करून उथळ पाण्यात उतरले. लव्हाळ्याच्या बुडाशी, चिखलाच्या उंचवट्यावर त्यांची अंडी होती.

"पाखरास्नी राखण चालनी का, वहिनी?"

बांधावर धाकटा दीर भाईदास उभा होता. त्याच्यामागे वर त्याची केळी, खाली इंदिराबाईचा हा खार, मिठाने पांढरी पडलेली जमीन. वाटणीत थोरल्या तोतारामने, इंदिराबाईच्या नवऱ्याने, आपण होऊन खालचं वावर घेतलं, तेव्हा ते काळंभोर होतं. मग वरच्या केळीला रात्रंदिवस पाट सुटले, पाणी झिरपत खाली साचलं आणि जमिनीच्या पोटातलं मीठ वर आलं. कापूस जळाला. विहीर खारी झाली. शेवटच्या घटकेला तोतारामने गोड पाणी मागितलं. ते वरून आणेपर्यंत तो थांबला नाही.

मग न पेरता लाणी उगवली, उन्हाळ्यात कुंकू सांडल्यासारखी लाल होणारी. लाणीमागे लव्हाळा आला, लव्हाळ्यामागे टिटव्या, टिटव्यांमागे शेकाटे. एकुलती लेक सासरी गेल्यावर इंदिराबाईच्या दिवसाला तेवढीच जाग उरली होती.

"परवा जेसीबी येस," भाईदास म्हणाला. "चर खंदू, गाळ टाकू. तुमनं बी वावर सुधरी."

"पिल्लं उडू द्या, भाऊ. मंग टाका."

"पाखरे काय दादानी घागर भरतीन?"

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. गेलेल्याच्या नावाने गोड पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. तोतारामला मुलगा नव्हता. त्याची घागर दरसाल भाईदासच्याच घरी, भाईदासच्याच विहिरीच्या पाण्याने भरत असे.

"यंदा तुमना खारमाच भरा," भाईदास शांतपणे म्हणाला. "वावर त्यानं, पानी बी त्यानंच."

इंदिराबाईने लाणीचा एक शेंडा खुडला आणि बोटांत चुरडला. समोर एक शेकाटा अंड्यांवर बसायला वाकला. एवढे लांब पाय दुमडायचे कसे, याचा त्याला रोज नवा पेच पडे. तो नीट बसेपर्यंत ती पाहत राहिली.

"आना जेसीबी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती केळीतून वर गेली. पानांच्या कडा करपल्या होत्या.

"ऊन लागनं," भाईदास म्हणाला.

ओट्यावर पाण्याचे विकतचे जार रांगेत उभे होते. जावेने, मंदाबाईने, इंदिराबाईच्या नजरेकडे पाहून सांगितलं, "आमना पोऱ्यानी, तेजसनी लावेल शेतस. वरीस झाय, बठ्ठा घरले तेच पानी."

भाईदासने दादाचं नाव घेऊन घागर भरली, डोळे मिटून हात जोडले. इंदिराबाईने घागरीत बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, मग ओठांना.

तिची जीभ थबकली. ही चव तिने खारातल्या विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षं चाखली होती. नवऱ्याच्या शेवटच्या तांब्यातही हीच होती.

"भाऊ, हाई पानी..."

"आपली विहीरनंच शे. मी सोता काढं," भाईदास डोळे न उघडता म्हणाला. "गोड शे ना?"

इंदिराबाईने पदराने ओठ टिपले.

"गोड शे," ती म्हणाली, आणि घागरीवर डांगर ठेवलं.