बाहीवरची फीत

सूरज रजेवर आला तेव्हा त्याचे आईबाप आष्ट्याजवळ मुक्कामाला होते. दिवाळीनंतर आटपाडीकडचे कळप उसाच्या पट्ट्यात उतरतात. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं. यंदा सूरजच्या बापाचा, बिराप्पाचा कळप लालासाहेबांच्या रानात होता. लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि गावच्या माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. एस.टी.तून उतरलेल्या सूरजला त्यांनी फाट्यावरच गाठलं.

"उद्या सव्वीस जानेवारी. झेंड्याला तुझ्या बापाची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय," ते म्हणाले. "पण त्याच्या सुटरावरची फीत तेवढी काढायला लाव."

"जी साहेब."

"मी सांगून थकलो. हसतोय माझ्यावर. सुटर घालू दे, पोराचं हाय, थंडी हाय. पण फीत, बिल्ला, टोपीवरचं निशाण उतरवून मग घालायचं. मी सुभेदार झालो, मी तरी आता लावून हिंडतो का? परवा बाजारात दोन फौजी पोरं त्याच्या मागनं 'लान्स नाईक बिराप्पा, सावधान' म्हणत चालली हुती. ह्याला वाटलं, मान देत्यात."

"सांगतो साहेब."

सांगणं सोपं नव्हतं, आणि का नव्हतं ते एकट्या सूरजला ठाऊक होतं. ती फीत आता त्याचीही राहिली नव्हती. मागच्या हिवाळ्यात तो रजेवर असताना बिराप्पाचा पाय मोडला. कळपामागं जायला दुसरं कुणी नव्हतं. रजा संपली तरी सूरज मेंढरांबरोबर राहिला. पलटणीत परतल्यावर कारवाई झाली, लान्स नाईकची फीत काढून घेतली गेली आणि तो पुन्हा साधा शिपाई झाला. हे त्यानं घरी कळवलं नाही. फीत लावलेला जुना स्वेटर मात्र बापासाठी गावाकडच्या एका सोबत्याबरोबर पाठवून दिला. पाठवताना फीत उसवायला हवी होती. त्याच्या हातून ती उसवली गेली नाही.

तळावर त्याची आई सुलाबाई भाकरी थापत होती. बिराप्पा स्वेटर घालून चुलीशी बसला होता.

"आलास गड्या," तो म्हणाला. "ही बघ फीत. सुटाय लागली हुती, तुझ्या आईनं पुन्यांदा पक्की केली."

"आबा, ती काढाय पायजे."

"सुभेदारानं कान भरलं व्हय?"

"त्यांचं बरोबर हाय. कपडा घरचा, फीत सरकारची."

"सरकारची कशी? ह्याच मेंढरांमागं पळून तुझी छाती भरली. अर्धी फीत माझी हाय."

"मग उरलेली अर्धी मेंढ्याच्या शिंगाला बांधा," सुलाबाई म्हणाली. "आवं, पोरगं सांगतंय तर ऐका की. उद्या समद्यांम्होरं बसायचं हाय."

"म्हणून तर. माझं पोरगं कोण हाय ते दिसू दे की लोकास्नी. आन् ह्याला आता दुसरी फीत मिळंल. ही जुनी काय करायची हाय त्याला?"

उद्या मैदानावर त्याच्या पलटणीची खबर असणारा एक जरी माणूस निघाला, तरी पुरे होतं. बाप पहिल्या रांगेत बसून सगळ्यांसमोर खोटा ठरला असता, आणि आपण खोटे का ठरलो हे त्याला कळलंही नसतं.

"आबा, माझी फीत गेली," तो म्हणाला.

"गेली म्हंजे?"

"काढून घेतली. रजेवरनं उशिरा हजर झालो म्हणून."

"कंच्या रजेवरनं?"

सूरजनं बापाच्या पायाकडं पाहिलं. बिराप्पानं जाळीच्या कुंपणात बसलेल्या मेंढरांकडं पाहिलं. तव्यावरच्या भाकरीची कड करपली, तरी सुलाबाईनं ती उलटली नाही.

"सांगितलं न्हाईस," बिराप्पा शेवटी म्हणाला.

"तुमी मेंढरं इकून टाकली असती."

"टाकली असती."

त्यानं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि बायकोपुढं टाकला.

"उसव."

"जेवून घ्या आदी."

"आदी उसव. आन् दोराबी ठिवू नगंस."

सकाळी शाळेच्या मैदानावर बिराप्पा तोच स्वेटर घालून आला. बाहीवर जिथं फीत होती तिथं लोकर गडद दिसत होती. बाजारातली ती दोन पोरं दारातच उभी होती.

"काय आबा, फीत कुठं ग्येली?" एकानं विचारलं. "शिक्षा झाली का काय?"

सूरज बापाच्या मागं होता. तो जागीच थांबला.

"व्हय," बिराप्पा म्हणाला. "सुभेदारानं लय झाडलं. काढाय लावली."

पोरं हसली. बिराप्पाही त्यांच्याबरोबर हसला. लालासाहेब समोरून आले, त्यांनी बाही पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

"उशिरा का हुईना, ऐकलंस."

"चूक माझी हुती, साहेब."

"असू दे, असू दे. बस हितं. सूरज, तू आमच्या फौजींच्या रांगेत चल. तुझ्या पलटणीचीबी मंडळी हायत, वळख हुईल."

सूरजनं पाऊल उचललं. बिराप्पानं त्याचा हात धरला.

"रजेवर आलाय, साहेब," तो म्हणाला. "आज माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या."