पाठ केलेला रस्ता

"तलाव, तीन किलोमीटर," ह्यांनी पाटी वाचली आणि गाडीचा वेग थोडा वाढवला.

पाटीवर लिहिलं होतं, पूल बंद आहे, उजवीकडच्या रस्त्याने जा.

मी म्हटलं, "थांबवा." ह्यांनी एकतीस वर्षं शहरात बस चालवली आहे, थांबवा म्हटलं की आधी थांबवतात, का ते नंतर विचारतात. गाडी कडेला उभी राहिली. समोर शंभरेक पावलांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा अडसर होता आणि त्याच्या मागे पुलाचं काँक्रीट उखडून ठेवलेलं होतं. मला ते लख्ख दिसत होतं.

"काय झालं?"

"पाटी पुन्हा वाचा."

"वाचली की आत्ता."

"पुन्हा वाचा."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं लोकांची नजर तपासली. गाडीच्या लायसन्ससाठी येणारे सगळ्यात बेरकी. बाहेरच्या बाकावर बसून आतल्याचं वाचन कान देऊन ऐकायचे, तक्त्याची शेवटची ओळ घोकायचे आणि माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवायचे. मी दाराआड दुसरा तक्ता ठेवला होता. तो टांगला तरी पहिल्याच तक्त्याची ओळ म्हणणारे महाभाग निघत. घरी येऊन मी त्यांच्या नकला करायची आणि हे पोट धरून हसायचे.

ह्यांचं स्वतःचं पाठांतर कामातलं. त्यांच्या डेपोत नव्या ड्रायव्हरला सगळे थांबे, वळणं, सिग्नल तोंडपाठ म्हणून दाखवावे लागत. त्याशिवाय बस हातात मिळत नसे. ती सवय अंगात मुरलेली. निवृत्तीनंतर आम्ही हे जुनं मोटरहोम घेतलं, तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर नकाशा पसरायचा आणि दिवसाचा रस्ता पुटपुटत घोकायचा, हा ह्यांचा नेम. हल्ली त्यासाठी भिंग लागत होतं. वाटेतली प्रत्येक पाटी बिनचूक यायची, कारण नकाशा आणि रस्ता आजवर जुळत आले होते. आज कुणीतरी तक्ता बदलला.

हे उतरले आणि पाटीकडे चालत गेले. दहा पावलांवर थांबले, मग पाचवर, मग हात लागेल इतके जवळ गेले. मान जराशी वाकडी करून कडेने बघू लागले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की माणसं अशीच बघतात. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं नाही. ती वाकडी मान मी शेकड्यांनी पाहिली आहे.

"पूल बंद," त्यांनी वाचलं. मग अडसराच्या दिशेने बराच वेळ तोंड करून उभे राहिले आणि शेवटी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी शेजारी जाऊन बसले. उतारभर पिवळी फुलं होती. इतक्या सुंदर ठिकाणी हे बोलावं लागावं, याचा मला रागच आला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन महिने. तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? तुझं तर कामच ते."

"मला हा उन्हाळा हवा होता."

खरं तेच होतं. अठ्ठावीस वर्षं मी काळे पडदे लावलेल्या खोलीत काढली. बाहेर ऊन पडलंय हे मला पेशंटच्या घामावरून कळायचं. आणि आता रोज सकाळी गाडीचं दार उघडलं की नवा डोंगर, नवं पाणी. परक्या माणसाला मी चार लोकांत सांगितलं असतं की बाबा, तुला दिसत नाही, गाडी चालवू नकोस. घरच्या माणसाच्या बाबतीत मीच डोळे मिटून घेतले. वाटेत एखादा सायकलवाला आला असता तर, असं मनात आलं. मला स्वतःची लाज वाटली.

हे खरोखरच चिडले. "एकतीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही आला माझ्या हातून. आणि तू मला तशीच चालवू दिलीस?"

मग तेच म्हणाले, "मीही डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर गाडी विकायला लागली असती."

"विकायची कशाला? मी चालवीन."

"तू? तुला रिव्हर्स येत नाही."

"तुम्ही सांगा."

लायसन्स माझ्याकडे चाळीस वर्षांचं आहे, पण या धुडाचं स्टिअरिंग मी आजवर फक्त पुसलं होतं. हे मागे जाऊन उभे राहिले. गाडीच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे बास. चार वेळा पुढे-मागे झाल्यावर गाडी वळली. मग ते शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि पट्टा कुठून ओढायचा ते शोधत राहिले. तो मीच लावून दिला.

वळणाचा रस्ता अरुंद होता आणि दोघांनाही अनोळखी. दर उताराला त्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. मी चुकीचा गिअर टाकला की कळवळायचे, पण तोंडातून अक्षर काढत नव्हते. एकदाच म्हणाले, "रात्री लेकीचा फोन येईल, तिला आज काही सांगू नकोस. उद्या मी सांगतो."

ऊन कलताना तलावाकाठच्या तळावर पोचलो. तिथला रखवालदार कागद घेऊन आला आणि सरळ ह्यांच्या खिडकीपाशी गेला.

"नमस्कार काका. ड्रायव्हरचं नाव लिहा, इथे सही करा."

ह्यांनी कागद घेतला. हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पेन काढलं, उघडलं आणि कागदासकट माझ्यापुढे धरलं.

"ड्रायव्हर ह्या आहेत," ते रखवालदाराला म्हणाले.

आयुष्यात मला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. मी सही केली. तोवर हे खाली उतरले होते आणि एकेक चाक हाताने चाचपत, गाडी सरकू नये म्हणून त्याला लाकडी ठोकळे लावत होते.