एकच रेघ

माझ्या नाकावर राग असतो, असं आई म्हणायची. खोटं नाही ते. त्या सकाळी तपासणीचा फोटो पडद्यावर आला आणि मी आधी मशिनवर चिडले, मग रसायनांवर, मग शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीवर. तिचा बिचारीचा काडीचा संबंध नव्हता. बाबांनी पाठवलेल्या प्रत्येक रोपाला एकच रेघ आली होती, आणि हव्या होत्या दोन.

आमचं घर टोमॅटोचं. बाबा नोकरीभर टोमॅटोच्या नव्या जाती काढत आले आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या काचघरात तेच करत बसले. ठरवायचे बाबा, करायची आई. कळी उमलायच्या आदल्या दिवशी ती चिमट्याने उघडायची, आतले पिवळे केसर एकही न सोडता काढायचे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही. मग दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला चिठ्ठी बांधायची. जरा उशीर झाला, एखादा केसर आत राहिला, की सगळं मुसळ केरात. आईचं सहसा चुकत नसे. बाबा आल्यागेल्याला तिच्या हाताचं कौतुक सांगायचे. ती म्हणायची, "हे सगळं लोकांसमोर हं. घरात कधी एक शब्द ऐकलाय का कोणी?"

गेल्या हंगामात तिने शेवटचा संकर केला. एक आमची घरची जात, मोठ्या गोड फळाची. तिच्या फुलांवर पराग लावायचा तो एका बारक्या, आंबट जातीचा. त्या आंबट जातीचं फळ कुणी तोंडात धरणार नाही, पण मर रोगाला ती दाद देत नाही. घरच्या जातीला मर लागली की सकाळी उभं असलेलं झाड संध्याकाळी मान टाकतं. दोन्हींचं चांगलं एकत्र आणायचं, असा बाबांचा कित्येक वर्षांचा मनसुबा होता. फळं पिकली, बी निघालं आणि थंडी संपायच्या आत आई गेली.

बाबांनी ते बी पेरलं. यातून पुढे जी जात तयार होईल तिला आईचं नाव द्यायचं आणि आसपासच्या बागांना बी वाटायचं, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी जरा बरा वाटला. त्यांचे हात आता थरथरतात. मला चिमटा दिला तर मी फूलच मोडते. तेव्हा जे काही होतं ते याच रोपांत होतं.

रोपं लहान असताना दोन्ही जाती सारख्याच दिसतात, म्हणून त्यांनी पानं माझ्याकडे पाठवली. माझं पोटच या कामावर चालतं. रोगाशी लढणारा गुण काही डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या अगदी शेजारी डीएनएचा एक ठरावीक तुकडा असतो, त्याला आम्ही मार्कर म्हणतो. दारातल्या चपला बघून घरात कोण आलंय ते ओळखावं, तसा प्रकार. तपासणीच्या फोटोत घरच्या जातीची रेघ वर येते, आंबट जातीची खाली. संकर लागला असेल तर दोन्ही. बाबा मला चिडवायचे, "तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी." पण पानं मात्र बर्फात घालून, कापसात गुंडाळून अशी पाठवली होती, की जणू ती दुखतील.

मी नवी रसायनं काढून पुन्हा तपासलं. मग आणखी एकदा. शेजारी पडताळ्याला आईच्याच हातचा, दुसऱ्या जातींचा एक जुना संकर लावला, त्याला दोन रेघा स्वच्छ आल्या. नव्या रोपांना वरचीच एक. फुलं स्वतःच्याच परागाने फळली होती. दोन आल्या म्हणून सांगून टाकावं, असं मनात येऊन गेलं. पण लोक विश्वासाने ते बी लावतील आणि पहिल्याच मरेला बागा बसतील. आईच्या नावाने लोकांनी कपाळाला हात लावावा, हे मला बघवलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले. बाबा काचघरात स्टुलावर बसून रोपांना काठ्या बांधत होते. गाठ बसत नव्हती, तरी मला हात लावू देईनात.

"किती निघाली?" त्यांनी विचारलं.

"बाबा, जरा शांतपणे ऐका."

"मी शांतच आहे. तूच धापा टाकतेयस."

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, तरी मी बडबडत सुटले. तीनदा केलं, चूक नाही, कळ्या उशिरा उघडल्या असणार, पराग आधीच गळला असणार. आणि मग माझा तोल गेला.

"आईच्या हातून असं होणारच नाही. तुम्ही कोणातरी शिकाऊ माणसाकडून करून घेतलंत आणि तिचं नाव सांगताय."

"तिनंच केलंय सगळं," बाबा म्हणाले. "तिला दिसत नव्हतं."

मी त्यांच्या स्टुलाशेजारी उकिडवी बसले.

"आधी सुईत दोरा जाईना. मग कळी कुठली आणि फूल कुठलं, ते कळेना. बोटांनी चाचपून करायची. उमललेली फुलं मोठी, तीच हाताला लागायची."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"ती मला काही बोलली नाही. मला दिसतंय हे मी तिला कळू दिलं नाही."

"अहो, डोळे दाखवायचे तरी."

"तोवर पोटातलं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. डोळ्यांचं घेऊन काय करायचं होतं? सकाळी उठायला तिच्याकडे एवढंच कारण होतं. मी चिमटा काढून घेतला असता तर ती अंथरुणातून उठली नसती."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी रागच आला. दोघांनी मिळून लपंडाव खेळायचा आणि शेवटी निकाल मी सांगायचा. "माहीत होतं तर पानं पाठवलीत कशाला? मला काय दगडाचं काळीज आहे?"

"पन्नास वर्षांचा हात होता गं तो. वाटलं, एखाद्या कळीवर बरोबर पडला असेल." त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "एकही नाही?"

"एकही नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. समोरच्या रोपाचं एक पान दोन बोटांत धरून बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तिनं हात लावला नसता, तरी हीच रोपं आली असती."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की ते रडताहेत. माझंही मग काही चाललं नाही. आई गेली त्या दिवशी इतकं दुखलं नव्हतं, तेव्हा निदान ही रोपं यायची होती.

हाताखालच्या माणसांना बाबा कायम बजावायचे, मनासारखं उत्तर येईपर्यंत जो तपासत राहतो तो स्वतःच्याच घरात चोरी करतो. तेच बाबा जमिनीकडे बघत मला म्हणाले, "अजून एकदा तपासून बघशील?"

मी हो म्हटलं आणि पहिल्या रोपापासून पानं तोडायला लागले.