वरचा डबा

जलशुद्धीकरण केंद्रावर बन्सीनं धरणातून येणाऱ्या पाण्यात ओतायला ब्लीचिंग पावडरचा डबा उचलला, तोच नव्या केमिस्ट सायली मॅडम आडव्या आल्या. हा डबा कुणी सांगितला, त्यांनी विचारलं. आता कुणी कशाला सांगायला हवा? उन्हाळ्यात धरण तळाला जातं, पाणी शेवाळानं हिरवं-पिवळं होतं, तेव्हा गाळण्याआधीच एक डबा वरचा टाकायचा, हा बन्सीचा बावीस वर्षांचा नेम. पाण्याला औषधाचा वास आला, की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

नेमामागं दुखणं होतं. त्याचा थोरला संघपाल पाच वर्षांचा असताना घाण पाण्याच्या काविळीनं गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बन्सी तर अख्ख्या शहराचं पाणी फुंकत होता.

मॅडमनी त्याला बसवून समजावलं. कुजलेला पाला, शेवाळ यांचा अंश पाण्यात विरघळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पावडरीतलं क्लोरीन पडलं की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं, आणि ते वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नव्हे. आधी तुरटीनं घाण खाली बसवायची, पाणी गाळायचं, मग बेतानं क्लोरीन. जंतू तेवढ्यानंही मरतात.

बन्सीनं कोपऱ्यातल्या कॅनकडं पाहिलं. त्याची लेक निशा पहिल्या बाळंतपणाला चितेगावला माहेरी आली होती, आणि मोठ्या कौतुकानं तो रोज इथूनच तिच्यासाठी कॅन भरून नेत होता.

"मॅडम, माझी पोरगी महिन्यापासून हेच पेती. पोटातल्याला काय व्हईल?"

महिन्याभरानं काही होत नाही, घाबरू नका, मॅडम म्हणाल्या. पण भीती अशी सांगून जाते होय?

त्यानं डबा परत पोत्यात रिकामा केला. टाकला तर नातवाची भीती, न टाकला तर संघपाल डोळ्यांपुढं. संध्याकाळी मॅडमनी तयार पाण्यात तपासणीचे थेंब टाकले, पाणी फिकट पिवळं झालं. क्लोरीन पुरेसं होतं. बन्सीनं तरी तीनदा पुन्हा तपासायला लावलं. मग एक ग्लास स्वतः प्यायला, पोटाकडं लक्ष देत तासभर बसून राहिला, आणि तेव्हा कुठं कॅन भरला.

घरी निशानं ग्लास भरून नाकाशी नेला.

"बाबा, आज वास नाय येत. चांगलंय ना पाणी?"

"व्हय. पे तू."

तिनं ग्लास तोंडाला लावला. बन्सीनं दाराची चौकट धरली आणि डोळे मिटून घेतले. रिकामा ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, तोवर त्यानं ते उघडले नाहीत.