एका सेकंदाचं शटर

कियोएने चिकटपट्टी पुढे केली, पण त्याआधीच इसोगाईने स्वतःच्या खिशातून पट्टी काढून लेन्सची फोकसची कडी जागच्या जागी चिकटवून टाकली होती.

"हे कुठं शिकलात?" तिने विचारलं.

"इंटरनेटवर. पहिल्यांदाच काढतोय ना, म्हटलं थोडी तयारी करून जावं."

पहिल्यांदा रॉकेटचे फोटो काढणारी माणसं कियोएने ढिगाने पाहिली होती. उड्डाणाची तारीख जाहीर झाली की तिच्या घरातल्या भाड्याच्या खोल्या अशाच पाहुण्यांनी भरत. नवरा होता तोवर तो त्यांना या टेकडीवर आणून शिकवायचा. तो गेल्यावर त्याचं ऐकून ऐकून पाठ झालेलं ती सांगू लागली. नवशिका माणूस कॅमेरा तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी धरतो, प्रत्येक बटण मान खाली घालून शोधतो. या माणसाची बोटं मात्र न बघता बरोबर ठिकाणी जात होती.

काल जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तुमचा मुलगा रॉकेटच्या तळावर कामाला होता ना?" तिने मुलाचं नाव काढलं नव्हतं. घरात त्याचा फोटोही लावलेला नव्हता.

मागचं रॉकेट समुद्रात कोसळलं, त्यानंतर असाच एक जण येऊन राहिला होता. पक्षी बघायला आलोय म्हणाला. तिच्या हातचे तळलेले मासे मिटक्या मारत खाल्ले, तिच्या मुलाच्या, तोमोनोरीच्या, लहानपणच्या गोष्टी काढून घेतल्या. महिन्याभरात मासिकात तिच्या घराचा फोटो आला, आणि खाली तोमोनोरीचं नाव: ज्याने झडप तपासली तो तरुण. झडपेत काही दोष नव्हता असं पुढे चौकशीत निघालं, पण ते छापायला कुणी आलं नाही. तोवर तोमोनोरीने नोकरी सोडली होती आणि बेटही. नव्या वर्षाला एक कार्ड यायचं. फोन कधीच नाही.

आणि या इसोगाईच्या छातीच्या खिशात सकाळपासून मोबाइल उभा होता. ती बोलू लागली की हा गृहस्थ अंग तिच्याकडे वळवायचा.

"काकू, आता बाकीचं सांगा. शटर कितीवर ठेवू?"

कियोएने समुद्राकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं. खाली उसाच्या शेतांपलीकडे तळावर रॉकेटचा पांढरा ठिपका उभा होता. अशा उजेडात शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं झटपट हवं, नाहीतर ज्वाळा सगळं चित्र खाऊन टाकते. हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"एका सेकंदावर ठेवा," ती म्हणाली. "आयएसओ सोळाशे."

कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या साकोदाने टोपी मागे सारली. उड्डाणामुळे समुद्र बंद, म्हणून आज त्याची होडी किनाऱ्यालाच होती.

"कियोए, ते तर रात्रीचं झालं."

"तुम्ही तुमचे मासे बघा, दादा."

"बघू दिले असते तर इथं बसलो असतो का?"

इसोगाईचं बोट चाकावर थांबलं. त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मुकाट्याने चाक फिरवलं. एक सेकंद. सोळाशे. याला कळतंय, आणि तरी हा ऐकतोय. मग हा फोटोसाठी आलेलाच नाही. तिने हातातली चिकटपट्टी घट्ट आवळली.

आधी उजेड आला, आवाजाशिवाय. तळाखालून धूर दोन्ही बाजूंना लोटला आणि तो ठिपका जमिनीवरून उठला. इसोगाई कॅमेऱ्याचं बटण दाबत होता, पण त्याची नजर तिथे नव्हती. त्याने मोबाइल खिशातून काढून समुद्राच्या दिशेने उंच धरला होता. मग आवाज पोचला. कठडा थरथरला. साकोदाने टोपी काढून छातीशी धरली. रॉकेट चढत गेलं, बारीक झालं, निळ्यात बुडालं.

टेकडीवर जमलेल्या लोकांच्या टाळ्या थांबल्यावर कियोए त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"द्या तो मोबाइल इकडे. सकाळपासून माझं बोलणं काय भरून घेताय? कुठल्या मासिकाचे तुम्ही?"

"मासिक नाही, काकू. मी सुवा गावचा. लेन्स घासायच्या कारखान्यात आहे." त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला. सगळे फोटो कोऱ्या कागदासारखे पांढरे. "माझ्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा म्हणाला, आई सांगेल तसंच कर, तिच्याशी वाद घालू नकोस. स्वतः यायला तो धजत नाही."

त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. पडद्यावर तोमोनोरीचं नाव होतं. फोन चालूच होता.

तिने तो कानाला लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती, आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

"या वेळी सरळ गेलं रे," ती म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला. "आई, भर दिवसा एक सेकंद? बिचाऱ्याचे फोटो घालवलेस."

"मला काय माहीत, कोण आहे तो."

इसोगाई तिवई मिटून साकोदाच्या शेजारी जाऊन बसला. म्हाताऱ्याने त्याला आपल्या डब्यातलं उकडलेलं रताळं मोडून दिलं. लोक गाड्यांकडे उतरू लागले.

"धूर अजून दिसतोय का गं?" तोमोनोरीने विचारलं. "वर वारा लागला की वाकडातिकडा होतो बघ."

"दिसतोय. उत्तरेकडे झुकलाय."

मग तो वाऱ्याबद्दल बोलू लागला, उंचावर वारा कसा दिशा बदलतो, उड्डाणाच्या आदल्या दिवशी फुगे सोडून तो कसा मोजतात. ती ऐकत राहिली. बोलता बोलता तो मध्येच थांबला, जणू आपण फार बोललो असं वाटून.

"चल, ठेवू का? धूर गेला असेल."

कियोएने वर पाहिलं. आकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळंशार, स्वच्छ होतं.

"नाही," ती म्हणाली. "आहे अजून."