अण्णाप्पाचं पिस्तूल

सांगलीच्या त्या हत्यारांच्या दुकानात अण्णाप्पानं आधी रिव्हॉल्व्हरच हातात घेतलं होतं. जाडजूड, साधं. चक्र बाजूला काढलं की आत गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसायचं. "हे मला कळतंय," तो म्हणाला आणि नाथाजीकडं बघून हसला.

अण्णाप्पा मगदूम बेदाण्याचा व्यापारी. मागच्या वर्षी कवठे महांकाळहून एकटाच परतत असताना दोघांनी मोटारसायकल आडवी घालून त्याची गाडी थांबवली, लोखंडी गजानं खांदा फोडला आणि बॅग घेऊन पसार झाले. खांदा बरा झाला, पण भीती काही गेली नाही. खटपटी करून त्यानं परवाना काढला आणि लगेच कोरेगावजवळच्या गावी नाथाजीला फोन लावला. "नाथा, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? तू ये बाबा. तुझ्याबिगर मी त्या दुकानाची पायरी चढत न्हाई."

नाथाजी लहानपणी मामाकडं सांगलीत शिकायला होता, तेव्हापासूनची ही जोडी. पुढं एक व्यापारात पडला, दुसरा फौजेत गेला. नाथाजीची बहुतेक नोकरी पलटणीच्या कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात गेली. साहेबलोकांची पिस्तुलं त्यानं पुसली, तेल देऊन जागच्या जागी लावली. पण हवालदाराच्या कमरेला पिस्तूल कुठलं? ती हौस तशीच राहून गेली होती, आणि आपल्याला अशी काही हौस आहे हे त्याचं त्यालाही कधी उमगलं नव्हतं.

दुकानदार दिग्विजय वयानं तरुण, पण धंदा आजोबांपासूनचा. तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला रिव्हॉल्व्हरच बरं. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर दाबा, दुसरी हजर. पिस्तूल सपाट असतंय, शर्टाखाली दिसत नाही, गोळ्याही जास्त बसतात. पण त्याला रोजचा सराव पाहिजे. आणि गोळ्यांचं मॅगझीन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, हे विसरून चालत नाही."

"सरावाची काळजी तुमी नका करू," नाथाजी म्हणाला. "मी हाय की."

त्यानं पिस्तूल उचललं, मॅगझीन काढलं, वरची सरकती स्लाइड मागं ओढून आत बघितलं आणि सोडली. खटकन आवाज झाला. हाताला सगळं जसंच्या तसं आठवत होतं. दिग्विजयही बघत राहिला. "गड्या, तुझ्या पोटावर ते रिव्हॉल्व्हर फुगून दिसंल," नाथाजी अण्णाप्पाला म्हणाला. "सगळ्या बाजारपेठेला कळंल शेठनं काय लपवलंय ते. ह्ये घे. काळाच्या बरोबर चालावं माणसानं."

अण्णाप्पानं एकदा रिव्हॉल्व्हरकडं बघितलं, एकदा नाथाजीकडं. "बरं. तू म्हणतोस तर पिस्तूल."

घरी अण्णाप्पाच्या बायकोनं, राजमतीवहिनींनी ते बघितलं. जैनाचं घर, पाणीसुद्धा गाळून प्यायचं. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं. ताट वाढताना त्यांनी एवढंच सांगितलं, "कमरेला ते बांधून ताटावर बसायचं न्हाई." अण्णाप्पानं ते पाळलं. दुकानातून आला की पिस्तूल आतल्या खोलीतल्या कपाटात, मग हातपाय धुणं, मग ताट.

नाथाजीनं दोन-तीन वेळा येऊन त्याला धडे दिले. आधी मॅगझीन काढायचं. मग स्लाइड ओढून मागच्या बाजूनं नळीत बघायचं. नळी रिकामी असल्याची खात्री झाली, की नळी खाली करून ट्रिगर दाबायचा. टक् असा आवाज आला की काम झालं. पुढच्या रविवारी पुन्हा यायचं ठरलं. पण तेवढ्यात नाथाजीच्या उसाला तोड आली, मग लोणंदला पुतणीचं लग्न निघालं, आणि तो रविवार पुढं पुढं जात राहिला.

मध्येच एकदा अण्णाप्पाचा फोन आला. "नाथा, ही स्लाइड मला ओढवत न्हाई रं. खांदा अजून दुखतोय. वाटेत कोण आडवा आला तर मी ओढत बसू व्हय?"

नाथाजी उसाच्या ट्रॉलीपाशी उभा होता. ड्रायव्हर ट्रॅक्टरवरून हाका मारत होता. "मग घरीच सावकाश ओढून एक गोळी नळीत चढवूनच ठेव की," तो म्हणाला. "लॉक लावून ठेव, म्हंजे झालं."

"तसं चालतंय?"

"समदे तसंच ठेवतात."

ज्याला स्लाइड ओढवत नाही, तो ती तपासायला तरी कशी ओढेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पलटणीत एखाद्या रंगरुटानं तेच विचारलं असतं, तर त्याला त्यानं फैलावर घेतलं असतं. पण इथं ट्रॉली निघायची घाई होती, आणि समोर आपला अण्णाप्पा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णाप्पाच्या मुलीचा, प्रीतीचा फोन आला. "नाथाकाका, आईला गोळी लागलीय."

गावाहून निघून मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यानं गाडी कुठं थांबवली नाही. घडलं ते एवढंच होतं. अण्णाप्पा नेहमीसारखा घरी आला, कपाटापाशी गेला, त्यानं मॅगझीन काढलं. खांदा दुखत होता, म्हणून स्लाइड ओढली नाही, आणि सकाळी कशीबशी चढवलेली गोळी नळीतच आहे हे विसरला. लॉक काढलं आणि शिकवल्याप्रमाणं नळी खाली करून ट्रिगर दाबला. गोळी फरशीवर आपटून उसळली. दारात राजमतीवहिनी त्याला जेवायला बोलवायला आल्या होत्या. गोळी त्यांच्या गुडघ्यात शिरली.

अण्णाप्पा बाकावर बसला होता. शर्टावर बायकोचं रक्त वाळलेलं. पोलीस जबाब घेऊन गेले होते. प्रीती रडून रडून कोरडी झाली होती, आणि आता तिला राग आला होता.

"पप्पा, नळीत गोळी ठेवली कशाला तुम्ही? असलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता बोलावं असं नाथाजीला वाटलं. तोंड उघडलंही.

"कुणी न्हाई," अण्णाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला. "माझं मीच."

प्रीतीनं नाथाजीकडं वळून हात जोडले. "काका, तुम्ही एवढं नीट शिकवलं होतं त्यांना." आणि नाथाजी गप्प राहिला. पुढं कितीतरी दिवस त्याला गोळीपेक्षा तो गप्पपणाच जास्त टोचत राहिला. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

पाय वाचला, पण गुडघा वाकेनासा झाला. पिस्तूल जप्त झालं, परवानाही गेला. अण्णाप्पानं कवठे महांकाळच्या फेऱ्या बंद केल्या. नाथाजी फोन करायचा, तब्येत विचारायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी उन्हाळ्यात एक दिवस दुपारचा तो न सांगताच सांगलीला जाऊन उभा राहिला.

राजमतीवहिनी सोप्यात खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. "वहिनी," नाथाजी म्हणाला, "नळीत गोळी ठेवायला मी सांगितलं होतं."

"ठाऊक हाय, भावजी. ह्यांचा फोन कायम मोठ्यानं चालू असतो. मी पलीकडं तांदूळ निवडत हुते."

नाथाजीनं विचारलं, "मग तुमी कवा काही बोलला न्हाई?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले. दवाखान्यात रोज वाटायचं, आज भावजी बोलतील." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बस्तीत देवाला जाते अजून, पण पायरीवरनंच दर्शन घेते. खाली बसता येत न्हाई ना. मला सांगू नका आता. प्रीतीला सांगा. ती बापाशी बोलत न्हाई."

अण्णाप्पा आतून चहा घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप पुढं करत म्हणाला, "दुकानात मला रिव्हॉल्व्हरच घ्यायचं हुतं रं. पण पिस्तूल हातात आल्यावर तुझं तोंड असं उजळलं, नाथा... इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. मला न्हाई म्हणवलं न्हाई."

नाथाजीनं चहा तसाच ठेवला.

परतताना इस्लामपूरच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन त्यानं प्रीतीला फोन लावला. काही न लपवता सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "ठेवते मी, काका. पप्पांना फोन करायचाय." आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवसापासून ती बापाशी बोलू लागली. नाथाजीला मात्र तिचा फोन पुन्हा आला नाही. त्यानंही केला नाही.